अर्शियाचं काय करायचं

भोकर, मंगळवार
दुपारी, लाईट नसताना

माझे लहानपणापासूनचे मित्र, हदगावकडचे नामांकित शेतकरी, आजवर सतरा सोयरिकी जुळवलेले आणि त्यातली एकही मोडू न दिलेले श्रीमान शेषेराव यांना भोकरच्या जिलानी मोटरवाल्याचा सलाम आणि रामराम, दोन्ही. आपली तब्येत ठीक असावी, साखरावहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असावा, पेरणी आटोपली असावी आणि सुदर्शनचं बियाण्याचं दुकान बरं चालून राहिलं असावं. (हे "आपली" वगैरे एवढ्याच परिच्छेदापुरतं. पत्राची सुरुवात अदबीनं करावी असं आपल्याला मराठी शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, तेवढं एक माझ्या ध्यानात राहिलं. इथून पुढं तू आणि मी.)

तू म्हणशील, खिशात फोन असताना ह्या माणसाला पत्राची हौस कुठून आली. तर ऐक. छत्तीस वर्षं पाण्याच्या मोटरींचा आवाज ऐकून माझे कान असे झालेत की फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकूच येत नाही, आणि मी बोलायला लागलो की बसस्टँडपर्यंत ऐकू जातं. परवा बायकोशी भाजीवरून बोललो तर समोरच्या पानवाल्यानं तिला चवळीच घ्यायचा सल्ला दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर ते मला जमत नाही, ते अर्शिया लिहून देते. आणि हे सगळं प्रकरणच अर्शियाचं आहे, मग तिलाच कसं सांगू की बाई, तुझ्याबद्दल असं असं लिही. म्हणून ही वही आणि हे पेन. व्यंकटीचा टेम्पो उद्या हदगावच्या बाजाराला जाणार आहे, त्याच्या हाती देतो. त्याला वाचता येतं, पण वाचायचा कंटाळा आहे, त्यामुळं तिकडून काळजी नाही.

आता मूळ गोष्ट. अर्शिया, माझी एकुलती एक पोरगी, बारावी सायन्स झाली हे तुला माहीत आहे. मागचं सगळं वर्ष ती लातूरला होती, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला. तिथं आमचा धाकटा भाऊ मुज्तबा क्लासच्या पोरापोरींसाठी खानावळ चालवतो, म्हणून तिच्या जेवणाखाण्याची फिकीर नव्हती. मुज्तबाचं म्हणणं असं की लातूरचं पाणी जो दोन वर्षं पितो तो डॉक्टर होतोच. (तो स्वतः तिथं सोळा वर्षं ते पाणी पिऊन राहिलाय आणि पोळ्या लाटून राहिलाय, हे त्याला कुणी विचारत नाही.) निकाल लागला. मार्काचा आकडा मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की मुज्तबानं तो फोनवर मला तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा मला वाटलं की आकडा अर्धाच ऐकू आला.

झालं, त्या दिवसापासून घरात चार तोंडं आणि चार दिशा. मुज्तबा म्हणतो अजून एक वर्ष लातूर, वसतिगृहातली कॉट मी अडवून ठेवलीय, सोमवारी बॅच सुरू होते. आमची अम्मा, म्हणजे तुझी लाडकी रहमतबी, म्हणते लई शिकली, आता लगीन. अफसाना म्हणते नर्सिंगला घाला, नर्स कुठं बेकार बसलेली पाहिलीय का. (आमची ही बोलते कमी, पण बोलून झाल्यावर भांडी अशी आपटते की मुद्दा पटतो.) आणि मी म्हणतो डॉक्टर, डॉक्टर आणि डॉक्टरच. दवाखान्यावर पाटी लागली पाहिजे, डॉ. अर्शिया जिलानी, आणि मी तिथं बाहेर बाकड्यावर नुसता पाय हलवत बसलो पाहिजे, एवढंच माझं मागणं.

पोरीला कुणी विचारलं नव्हतं. तिनं आपण होऊनच सांगितलं, तेही जेवताना, माझ्या ताटात वरण वाढता वाढता. म्हणे, अब्बा, मला नांदेडला आयटीआयला जायचंय, इलेक्ट्रिशियनला, मग मोटरींचं काम शिकायचंय. शेषेराव, मी ताटावरून उठलो. (नंतर भूक लागली म्हणून परत बसलो, पण तो भाग वेगळा.) मी म्हटलं, अगं, माझे हात बघ. छत्तीस वर्षं जळालेल्या मोटरीतली तार उपसून नवी तार भरून राहिलोय, वार्निशचा वास जुम्म्याच्या अत्तरालाही हटत नाही, आणि तू म्हणतेस मला हेच करायचं? तर ती म्हणाली, हाव. नुसतं हाव. माझीच पोरगी, बोलणंही माझंच तोडकं.

मग कळलं की ह्यामागं एक बाई आहेत. निकालानंतर तिच्या जुन्या शाळेत बारावी झालेल्या पोरांसाठी करिअर मार्गदर्शनाचं शिबिर झालं होतं, तिथं नांदेडहून बुद्धप्रिया मॅडम म्हणून समुपदेशक आल्या होत्या. त्यांनी पोरांना एकशे वीस प्रश्नांचा एक कागद भरायला दिला, त्यावरून म्हणे कुणाला काय जमेल ते कळतं. तुला खरं सांगतो, माझा ह्या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. आपल्या वेळचं समुपदेशन आठव. मी आठवी पास झालो, त्या दिवशी अब्बांनी माझा कान धरला, दुकानात आणून स्टुलावर बसवलं, हातात पक्कड दिली. एकही प्रश्न नाही, कागद नाही, पाच मिनिटांत आयुष्य ठरलं. तुझ्या सुदर्शनचं तरी काय, तू त्याला इंजिनिअर केलंस तेव्हा कुणाला विचारलं होतंस? आता तो बियाणं विकतो आणि तुझ्यापेक्षा खूश आहे, ते असो.

तर ह्या मॅडमचा मला फोन आला. आवाज शांत, घाई नाही. म्हणाल्या, अर्शियाचा कागद मी तपासलाय, पण तुमच्या घरी येऊन सगळ्यांना भेटल्याशिवाय मी काही सांगणार नाही. मी मनात म्हटलं, चला, आयतं घावलं. बाई शिकलेली आहे, शिकलेला माणूस शिकायलाच सांगणार, डॉक्टरच म्हणणार, आणि माझं काम परस्पर होईल. म्हटलं या, रविवारी या. मुज्तबालाही लातूरहून बोलावून घेतलं, आपल्या बाजूनं माणूस असावा म्हणून.

इथं माझ्याकडून एक चूक झाली आणि ती चूक फक्त भोकरात, तेही आमच्याच गल्लीत होऊ शकते. मी अम्माला एवढंच सांगितलं की रविवारी नांदेडहून एक बाई अर्शियासाठी येणार आहेत. आता तूच सांग, तू सोयरिकीतला जाणता माणूस. वयात आलेली पोरगी, रविवारचा दिवस, नांदेडहून बाई. आमच्यात पोरगी बघायला आधी बायकाच येतात, आणि शहाणी सासू असली तर एकटीच येते, अचानक. अम्मानं दुसरा अर्थ तरी काय काढायचा? तिनं शनिवारी गल्लीत चार घरी सांगून टाकलं, शीरकुर्म्याच्या शेवया भाजल्या, आणि पोरीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढून घेतली. मला वाटलं, पोरीचं मन रमवून राहिली असेल. मेंदी का, तर अर्शियाच्या बोटांच्या टोकांना वार्निशचे डाग आहेत, ते काही केल्या निघत नाहीत, ते झाकावेत म्हणून. पोरीच्या बोटांवर वार्निश कसं, हे मी त्या वेळी स्वतःला विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.

मॅडम आल्या स्कूटीवर, साध्या सुती साडीत, खांद्याला पिशवी, पिशवीत फाईल. अम्मानं दारातच त्यांना वरून खाली पाहिलं आणि माझ्या कानात (म्हणजे गल्लीला ऐकू जाईल अशी) म्हणाली, "घराना अच्छा दिखता, सादगी है." मॅडम बसल्या आणि त्यांनी अर्शियाला विचारायला सुरुवात केली, आणि शेषेराव, प्रश्न काय तर तुला एकटीनं काम करायला आवडतं की चार जणांत, राग आला तर काय करतेस, एखादं काम बिघडलं तर सोडून देतेस की परत धरतेस. आता हे प्रश्न सासूचे नाहीत तर कुणाचे? अम्मा प्रत्येक प्रश्नाला पोरीच्या आधी उत्तर देऊन राहिली. राग? ह्या पोरीला राग म्हणजे काय ते ठाऊक नाही. चार जणांत? चौदा जणांत राहील, जावा-नणंदांत मिसळून जाईल. मॅडम सगळं शांतपणे लिहून घेऊन राहिल्या. मला वाटलं, वा, म्हातारीला समुपदेशन चांगलं समजलंय. मुज्तबाला वाटलं, डॉक्टरला पेशंटपुढं राग येऊ नये म्हणून विचारतात. आम्ही तिघं तीन वेगळ्या बैठकींत बसलो होतो.

घोडं कुठं पेंड खातं ते कळलं अम्माच्या प्रश्नानं. तिनं शीरकुर्म्याची वाटी पुढं केली आणि विचारलं, "और लडका क्या करता?" मॅडमनी विचारलं, कोणता मुलगा? अम्माचा चेहरा उतरला, तिला वाटलं मुलात काही खोट आहे म्हणून बाई टाळून राहिली. मग मी घामाघूम होऊन सगळं समजावून सांगितलं. अफसाना तोंडाला पदर लावून आत पळाली, मुज्तबा हसून हसून खाटेवरून पडायचा राहिला, आणि आमची अम्मा, जी शंभर लोकांत कधी खाली मान घालत नाही, ती मान घालून बसली. गल्लीतल्या चार घरांना काय सांगायचं, हा विचार तिच्या तोंडावर दिसत होता.

आता इथं मी त्या बाईला पहिला सलाम केला. दुसरी कुणी असती तर हसली असती, नाहीतर रागावून उठली असती. मॅडमनी शीरकुर्म्याची वाटी हातात घेतली, दोन चमचे खाल्ले, आणि अम्माजवळ सरकून म्हणाल्या, "आजी, तुम्ही फार चुकला नाहीत. मी जुळवायलाच आलेय. पोरगी आणि तिचं काम, हीसुद्धा सोयरीकच असते, तीही जन्मभराची. तुम्ही सोयरिकी बघितलेल्या, तर तुम्हीच मला मदत करा." शेषेराव, म्हातारीनं मान वर केली. म्हणाली, असं असेल तर मग नीट चौकशी झाली पाहिजे, हे असे वरवरचे प्रश्न काय कामाचे? मला वाटतं तेवढ्या एका वाक्यानं मॅडमनी आमचं घर जिंकलं. तू सतरा सोयरिकी जुळवल्यास, मला तुझा लई अभिमान आहे, पण पडलेली बैठक अशी उचलून धरलेली मी तुझ्याकडूनही पाहिलेली नाही. राग मानू नकोस.

मग त्यांनी फाईलमधून अर्शियाचा कागद काढला, आम्हाला नुसता दाखवला आणि पालथा घालून ठेवला. म्हणाल्या, ह्यात काय आलंय ते मी नंतर सांगते, आधी तुम्ही चौघं मला लिहून द्या. एकच प्रश्न. ही मुलगी, तिला कुणी काहीही सांगितलेलं नसताना, रिकाम्या वेळात काय करते? तिला काय करायला पाहिजे ते नको, काय करते ते लिहा. चार कागद दिले, अम्माला लिहिता येत नाही म्हणून अम्मा सांगणार आणि मॅडम लिहिणार. अर्शियाला चहा करायला आत पाठवलं.

मी पेन धरून बसलो, शेषेराव, आणि मला काही सुचेना. माझी एकुलती एक पोरगी, अठरा वर्षांची, ती रिकाम्या वेळात काय करते हे मला लिहिता येईना. तिची फी कधी भरायची, बस कुठून सुटते, चश्म्याचा नंबर किती, सगळं पाठ. हे नाही. शरम वाटली मला, खरं सांगतो. मग बऱ्याच वेळानं लिहिलं की दुकानात येऊन बसते आणि मी भरलेल्या मोटरी उगाच उलटसुलट करून बघते, आणि गेल्या महिन्यात एका कॉइलला वेढे कमी पडलेत असं मला म्हणाली, त्यावरून मी रागावलो. (वेढे कमी पडलेच होते. ते मी लिहिलं नाही.)

मॅडमनी चारही कागद मोठ्यानं वाचले. अम्मानं तक्रार लिहवून घेतली होती, की मिक्सर चांगला चालला असला तरी पोरगी उघडून बसते, ईदच्या आदल्या दिवशीही. अफसानानं लिहिलं होतं, माझ्या शिलाई मशीनला तिनं जुन्या पंख्याची मोटर लावली, पाय दुखायचे राहिले, पण घरभर तारा. आणि आमचा मुज्तबा. तो वर्षभर मला फोनवर सांगायचा की भाई, अर्शियाच्या खोलीबाहेर मुलींची रांग असते, पोरगी हुशार आहे, फिजिक्सच्या शंका सोडवते. त्यानं आता कागदावर खरं लिहिलं. रांग होती ती इस्त्र्या, हीटर आणि चार्जरची. अख्ख्या वसतिगृहाचा कूलर तिनं एप्रिलच्या उन्हात दुरुस्त केला, आणि खानावळीचा पिठाचा मिक्सर तर दोनदा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही. मुज्तबाला हे माहीत होतं, पण फुकटात काम होऊन राहिलं म्हणून गप्प बसला, आणि कबूल करताना त्याचे कान लाल झाले.

चार माणसं, चार दिशा, आणि चारही कागदांवर एकच गोष्ट. कुणी तक्रार म्हणून लिहिली, कुणी गुन्हा म्हणून. मला वाटलं होतं आता भाषण होईल, पण मॅडमनी अर्शियाचा पालथा कागद सुलटा केला, माझ्या पुढ्यात सरकवला आणि उरलेला शीरकुर्मा खायला लागल्या. त्यावर काय होतं ते तू ओळखलं असशील.

तेवढ्यात अर्शिया दारात येऊन उभी राहिली होती. मेंदीचे हात, डोक्यावर ओढणी, हातात ट्रे. हळूच म्हणाली, "अब्बा, लातूरला मी अभ्यास केला. खरंच केला. पण जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं की मला झोप येते, आणि मोटर उघडली की जेवायचं ध्यानात राहत नाही." मला चौदाव्या वर्षी दुकानात बसवलं तेव्हा मी तीन दिवस रडलो होतो, हे तुला माहीत आहे, तूच तर येऊन शाळेचं पुस्तक देऊन गेला होतास. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच बसलंय, की हे काम म्हणजे ज्याला दुसरं काही मिळालं नाही त्याचं. मॅडमनी मला नेमकं तेच विचारलं. म्हणाल्या, जिलानीभाई, तुमचं काम तुम्हाला शिक्षा वाटते का? आणि मला हो म्हणता येईना. कारण रडणं तीन दिवसांचं होतं, त्यानंतरची छत्तीस वर्षं मी हौसेनं काम करून राहिलोय. जळून कोळसा झालेली मोटर भरून, वार्निश सुकवून, पहिल्यांदा बटन दाबल्यावर ती फिरते ना, त्या वेळी मला काय वाटतं हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. घरात तर नाहीच.

मग मॅडमनी शेवटचं विचारलं. ही तुमची मुलगी नसती, अशीच कुणी नायगावची नाहीतर मुदखेडची पोरगी काम मागायला आली असती, तर ठेवली असती का? आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, हाव, उद्यापासून.

मुज्तबा फिदीफिदी हसला. तिथं माझं डोकं फिरलं. धाकट्या भावानं भरल्या बैठकीत हसावं? मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, जिलानी जिवंत असेपर्यंत त्याची पोरगी दुकानाच्या स्टुलावर बसणार नाही, ही माझी कसम आहे. पटल्यावर कसम घेणारा भोकर तालुक्यात मी पहिलाच असेन. अफसाना आत गेली आणि भांडी सुरू झाली. अर्शियानं ट्रे खाली ठेवला आणि शीरकुर्म्याच्या वाट्या उचलल्या. मॅडम तेवढ्याच शांतपणे उठल्या, अम्माला सलाम केला, आणि जाताना मला म्हणाल्या की आयटीआयच्या फॉर्मची शनिवारी शेवटची तारीख आहे, संमतीचा कागद फाईलमध्ये ठेवून जाते, तुमचा निर्णय काहीही झाला तरी मला कळवा, मी नाराज होणार नाही. मी त्यांना स्कूटीपर्यंत सोडायला गेलो. तिथं त्या म्हणाल्या की तुमच्या मुलीला तुमच्याबद्दल फार आदर आहे, कागदात "तुम्हाला कुणासारखं व्हायचंय" ह्या प्रश्नापुढं तिनं तुमचं नाव लिहिलंय. मी स्कूटीची किक मारून दिली. बटनावर चालू होते ती, तरी मारून दिली.

तेव्हापासून अम्मा गल्लीत तोंड दाखवत नाही, मुज्तबा लातूरला गेला पण दिवसातून दोनदा कॉटचं विचारतो. मी मात्र ज्याच्या त्याच्यापुढं त्या बाईंची तारीफ करून राहिलोय. इतकं शिकलेलं माणूस, पण आमच्या चौघांपैकी एकालाही तू चूक आहेस असं म्हणाल्या नाहीत, आणि आम्ही चौघंही चूक होतो हे आमच्याच अक्षरांत आम्हाला वाचून दाखवलं. मी मोटरीला कान लावून दोष सांगतो, लोक म्हणतात जिलानीला इल्म आहे. ह्या बाईला माणसांचा इल्म आहे. तुझ्या धाकट्या साक्षीची दहावी होईल तेव्हा तिला ह्यांच्याकडंच घेऊन जा, माझं ऐक, आणि तेव्हा तू तोंड बंद ठेव.

बाकी सगळं क्षेम. वहिनींना सलाम, सुदर्शन आणि साक्षीला दुवा. लाईट आली, समोर दोन मोटरी माझी वाट पाहून राहिल्यात, म्हणून हात आवरतो.

तुझा,
जिलानी

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर मी घरी असतो. तू सहज आल्यासारखा ये, आणि अम्मा, अफसाना सगळ्यांच्या देखत मला आयटीआयवरून झाप. जरा कडक झाप, तुझं ऐकून मी माघार घेतली असं दिसलं पाहिजे, कसम मोडल्याचं पाप अर्धं तुझ्याकडं. मी दहा मिनिटं नाही म्हणेन. तू निम्म्यात सोडून चहा मागू नकोस, मागच्या वेळी बांधाच्या भांडणात तसंच केलं होतंस.

ता. क. दुसरा. संमतीच्या कागदावर मी सोमवारी सकाळीच सही केली आहे. दुकानात वार्निशच्या डब्याखाली ठेवलाय. हे कुणालाही माहीत नाही, तुलाही नाही.

शेषेरावकाका, सलाम. मी अर्शिया. अब्बा नमाजला गेले आणि पत्र दुकानात उघडंच राहिलं. व्यंकटीमामांचा टेम्पो निघून राहिला होता म्हणून मी पाकिटात घालायला घेतलं आणि वाचलं. माफ करा. तुम्ही शुक्रवारी नक्की या, पण तुम्हाला पटवायला कुणी उरलेलं नाही. दादी मला परवाच म्हणाली की शेषेराव बोला तो मैं मान जाऊंगी, गल्लीला सांगायला काहीतरी पाहिजे. मुज्तबाचाचूंनी माझी कॉट काल एका उदगीरच्या मुलीला दिली आणि अब्बांना सांगायची हिंमत होत नाही म्हणून कॉटचं विचारत राहतात. अम्मीनं नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहाचं विचारून ठेवलंय. सगळ्यांना फक्त तुमच्यासमोर हरायचं आहे.

वार्निशचा डबा मीच रोज उचलते, त्यामुळं तो कागद मी पाहिला. काका, पहिलीपासून माझ्या प्रत्येक फॉर्मवर "वडिलांचा व्यवसाय" ह्या रकान्यात अब्बा "व्यापार" लिहीत आलेत. ह्या वेळी त्यांनी लिहिलंय, "मोटर भरणारा". रकान्यात मावेल त्यापेक्षा मोठ्या अक्षरात. मी कागद होता तिथंच ठेवला आहे. तुम्ही त्यांना दहा मिनिटं नाही म्हणू द्या.